फाटकाजवळ कढीपत्ता

लोकांच्या गच्चीवर बागा लावून द्यायचं काम मी गेली बारा वर्षं सांगली-मिरजेत करते. माती भरून झाली, रोपं बसली, चहा आला की बहुतेक घरी एक प्रश्न येतोच, "ताई, तुमची स्वतःची बाग कशी असेल हो?" मी दुसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीत कुंड्या आहेत, जमीन नाही. त्यामुळे "बघू, जागा मिळाली की" म्हणून विषय संपवते. पण ती बाग मनात केव्हाच आखून झाली आहे. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

एक गुंठा पुरे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद. आमच्याच जिल्ह्यात, तासगावला, श्रीपाद दाभोलकरांनी प्रयोग परिवार, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करून बघणाऱ्या शेतकऱ्यांचा गट, उभा केला. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागू शकतं, असं ते हिशेब मांडून सांगत. मला बागेवर घर चालवायचं नाही, म्हणून दहावा हिस्सा मागते. पालापाचोळा मात्र त्यांच्या शिकवणीप्रमाणे एक पानही जाळायचा नाही, मातीतच जिरवायचा.

फाटकाजवळ कढीपत्ता, हे पहिल्यापासून ठरलेलं. लहानपणी आम्ही मिरजेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. गल्लीत कढीपत्त्याचं झाड एकच, कोपऱ्यावरच्या आजींच्या परसात. तेल तापत ठेवलं की आई मला पिटाळायची, "पळ, आजींकडनं दोन काड्या आण." मी दारातून हाक मारायची आणि आजी आतूनच म्हणायच्या, "घे गं, पण फांदी ओरबाडू नकोस." विचारल्याशिवाय कुणी झाडाला हात लावला नाही आणि आजींनी कुणाला नाही म्हटलं नाही. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाच्या घरी दोन दिवस चूल थंड आहे, हे त्यांना त्या काड्यांवरून कळायचं. आता कढीपत्ता भाजीवाला पिशवीत फुकट टाकतो. सोय झाली, पण शेजारी हाक मारायला एक निमित्त कमी झालं. माझ्या फाटकाला कडी असेल, कुलूप नाही.

कुंपण अडुळशाचं. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि खोकला झाला की काढ्याला पानं हाताशी. त्याच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडे, प्राजक्त. पहाटे पिशवी घेऊन फुलं तोडत हिंडणाऱ्यांबद्दल लोक माझ्याकडे तक्रार करतात आणि जाळी किती उंच लावू असं विचारतात. त्यांचा राग मला कळतो. कुंडीतली पहिली जास्वंद देवाला वाहायच्या आधीच गेली की जीव हळहळतो. प्राजक्ताचं बरं असतं. तो उजाडायच्या आत स्वतःच सडा घालतो आणि खाली पडलेलं फूलही देवाला चालतं. ज्याला हवीत त्याने वेचावीत.

हिरवळ नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत मिळून सुमारे 5 लाख लिटर. पिण्याचं पाणी रुळांवरून जाताना बघितल्यावर, नुसतं बघायला गवत वाढवावं असं मला पुन्हा वाटलं नाही. तेव्हापासून मी हिरवळीचं काम घेत नाही. माझ्या बागेत मोरीचं पाणी अळूला आणि केळीला जाईल. आमच्या आज्या हेच करत होत्या.

एक गोष्ट मनाला लागून आहे, तीही सांगते. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका बंगल्यात लिंबाच्या झाडावर अळ्या झाल्या म्हणून मला बोलावलं. मी बघितलंही नाही, औषध फवारून आले. नंतर घरच्या कढीपत्त्यावर तशीच अळी दिसली तेव्हा पहिल्यांदा नीट वाकून बघितली. आधी पानावर पक्ष्याची शीट पडावी तशी, काळपट-पांढरी. चार-सहा दिवसांनी हिरवीगार, पानातून वेगळी ओळखू येईना. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लाल, दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. मग तिने काडीला कोष बांधला, आणि एका सकाळी त्यातून काळं फुलपाखरू निघून पंख वाळवत बसलं. 2015 साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं त्या नीलवंताच्या अळ्यासुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. त्या बंगल्यातल्या झाडावर मी काय काय मारलं, मला माहीत नाही. म्हणून माझ्या बागेत कढीपत्त्याची झाडं दोन असतील. एक फोडणीला, एक त्यांना.

आजी गेल्या, घर पाडलं. झाड तोडायच्या आधी मी त्याच्या मुळाशी आलेला एक फुटवा मातीसकट काढून आणला होता. तो आता माझ्या बाल्कनीत कमरेएवढा झालाय आणि कुंडी त्याला अपुरी पडतेय. जागा मिळाली की आधी तो उतरवायचा. रस्त्यावरच्या पोरीचा हात पोहोचेल, इतका फाटकाजवळ.