धरून ठेवणारी आणि वेळेवर सोडणारी प्रथिने

वाशीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना हृदयाचा धडा आला की विद्यार्थी झडपा आणि रक्तवाहिन्या यांतच रमतात. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनांकडे सहसा कोणी वळत नाही.

हृदयाच्या स्नायुपेशी टोकाला टोक भिडवून असतात. तेथे डेस्मोसोम नावाच्या प्रथिनांच्या जोडण्या त्यांना घट्ट बांधून ठेवतात, तर कॉनेक्झिन ४३ या प्रथिनाचे ६ रेणू मिळून अर्धी नलिका घडवतात. शेजारच्या पेशीतील अर्धी नलिका तिला जुळली की आयन, म्हणजे विद्युतभारित कण, थेट पलीकडे जातात आणि विद्युतलहर पुढे सरकते. या प्रथिनाचे आयुष्य अवघे काही तासांचे असल्यामुळे क्षणभरही न थांबणाऱ्या हृदयात हे सांधे सतत मोडत आणि नव्याने बांधले जात असतात, याचे मला आजही नवल वाटते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मृत भागालगतच्या पेशींत कॉनेक्झिन घटते आणि उरलेले टोकांवरून बाजूंकडे सरकते. मग लहर मंदावते, वळसा घेऊन परतते आणि ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

त्वचेचा हिशेब मात्र निराळा आहे. जखम झाल्यावर एक-दोन दिवसांत तिच्या कडेच्या पेशींतील कॉनेक्झिन ४३ कमी होते, तेव्हा त्या पेशी मोकळ्या होऊन जखमेवर सरकतात. मधुमेहींच्या चिघळलेल्या जखमांच्या कडेला ते उलट वाढलेले आढळते. ठाण्यात आमच्या शेजारच्या काकांच्या टाचेची जखम भरत नव्हती, तेव्हा जो तो ‘साखर’ एवढेच म्हणे. ते खोटे नव्हते, आणि अपुरा रक्तपुरवठा, बधिर नसा व जंतुसंसर्ग ही कारणे मोठी आहेतच. पण ती साखर पेशींच्या कडेला काय करते, हे कोणी विचारत नाही.

ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरील काही कुटुंबांत जाड तळहात-तळपाय, लोकरीसारखे केस आणि हृदयाचा आजार एकत्र दिसल्याची नोंद १९८६ मध्ये झाली. २००० मध्ये त्याचे मूळ प्लाकोग्लोबिन या डेस्मोसोममधील प्रथिनाच्या जनुकात सापडले. डेस्मोसोमच्या अशा दोषांत दमवणाऱ्या व्यायामाने हृदयाची हानी वाढते. म्हणून ठाण्यातील उपवन तलावाच्या वाटेवर मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात कोणी तरुणपणीच अचानक गेले असेल, त्यांनी ते हृदयरोगतज्ज्ञांना आधी सांगावे.