घाटाचा चढ

शाळेत रेषेचा चढ काढायला शिकवतात तेव्हा फळ्यावरच्या दोन बिंदूंमधून जाणारी ती रेषा प्रत्यक्षात कुठेच जात नसते, म्हणून मला हे गणित बोरघाटात नेऊन सोडवायला आवडते. रेल्वेने त्याचे सगळे साहित्य उघड्यावर मांडून ठेवले आहे: फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर स्थानकाच्या नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची असते आणि रुळांच्या कडेचे खांब अंतर सांगतात. उंचीतल्या फरकाला अंतरातल्या फरकाने भागले की झाले.

१८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हाचेच आकडे घेऊ. पायथा १९६ फुटांवर, माथा २०२७ फुटांवर आणि मधला लोहमार्ग पावणेसोळा मैलांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ८३,७०० फूट. उंचीतल्या १८३१ फुटांच्या फरकाला त्याने भागले की ०.०२२ च्या आसपास उत्तर येते, म्हणजेच साधारण ४६ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. काटेकोर माणूस इथे हरकत घेईल की छेदात आडवे अंतर हवे आणि आपण तर चढत्या रुळांवरून मोजलेले घेतले. हरकत रास्त आहे. पण चढ इतका सौम्य आहे की सबंध घाटात मिळून फरक पडतो तो वीसेक फुटांचा.

पुण्याहून येणाऱ्याला हाच घाट उतार वाटतो. त्याने माथा पहिला बिंदू धरला तर अंश ऋण होतो, पण अंतरे मुंबईपासून मोजलेली असल्यामुळे छेदही ऋण होतो आणि उत्तर जिथल्या तिथे राहते. अट एवढीच की वजाबाकीचा क्रम वर आणि खाली एकच हवा. चिन्ह चुकते ते बहुधा इथेच.

दोन टोकांवरून काढलेला चढ मधल्या वाटेविषयी मात्र गप्प बसतो. कागदावरची रेषा सरळ माथ्याला भिडते, तर लोहमार्ग बोगद्यांतून आणि वळणांतून जाताना कुठे सैलावतो, कुठे ३७ ला १ इतका ताठ होतो. इंजिनाला सरासरीचा काही उपयोग नाही, कारण भरलेली गाडी अडणार ती त्या ताठ टप्प्यातच. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने, जोडतात ती ४६ नव्हे, ३७ चा हिशेब धरून. आणि ती जोडली जाईपर्यंत गाडी थांबते, तेवढ्यात फलाटावरचे वडापाव संपतात.