मंथरेचं माहेर

विंचूर मागे पडलं तरी एसटीतला कांद्याचा वास काही जाईना. बाजाराबाहेर लाल कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आमची गाडी त्या रांगेच्या कडेकडेने रांगत होती. आई म्हणाली, "आपण पैठणीला निघालोय की लिलावाला?"

निमित्त पैठणीचंच होतं. फेब्रुवारीत माझ्या भाचीचं लग्न आहे, आणि नातीची पैठणी मागावर बघूनच घ्यायची, ठाण्यातल्या प्रदर्शनातली नको, असा आईचा हट्ट. म्हणून नाशिकला मावशीकडे मुक्काम टाकला आणि सकाळची पहिली मिळेल ती येवल्याची गाडी पकडली. अंतर ऐंशीएक किलोमीटर. निफाडपर्यंत द्राक्षबागा, मग कांदा, आणि येवला जवळ येईल तशी जमीन उघडी, कोरडी होत जाते.

माझं खरं काम वेगळं होतं. ते मी आईला निफाड जाईपर्यंत सांगितलं नव्हतं. मला ललिता पवारांचं गाव बघायचं होतं.

"कोणाचं? मंथरेचं?" आई म्हणाली. "ती येवल्याची?"

आईचा दोष नाही. दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं २५ जानेवारी १९८७ला, तेव्हा मी तिसरीत होते. रविवारी साडेनऊला आमच्याकडे शेजारची दोन घरंही टीव्हीसमोर बसायची. आजी मेथी निवडत बसलेली असायची. पडद्यावर मंथरा आली की तिचा हात थांबायचा. दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडून ती म्हणायची, "आली बघ मेली. डोळा बघ कसा तो!" मग मी लाटणं काठीसारखं धरून, डावा डोळा बारीक करून, कमरेत वाकून घरभर फिरायचे. सगळे हसायचे. एकदा वडिलांनी तेच लाटणं पाठीत घातलं, पण ते पोळपाट फुटला म्हणून, नकलेसाठी नव्हे.

तो डोळा असा का होता, हे मला कळलं ते आजी गेल्यावर, कॉलेजात. तेव्हापासून ती नक्कल आठवली की कसंतरीच होतं.

येवल्यातल्या विंचूर चौफुलीला उतरलो. चहा घेताना टपरीवाल्याला विचारलं, "दादा, ललिता पवारांचं घर कुठे होतं, काही माहिती?" त्याने पातेल्यातलं लक्ष न काढता विचारलं, "कोणत्या वॉर्डातल्या?" आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढचा प्रश्न मी दोन कप चहा पोटात गेल्यावरच विचारला. बाकावर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मात्र मान वर केली. "सिनेमातल्या ना? येवल्याच्याच. पण घर कुठलं, ते आता कोण सांगणार ताई! इथं पैठणीचं विचारा, तात्या टोप्यांचं विचारा, पतंगाचं विचारा."

त्यांचंही खरंच. तात्या टोपे जन्माने येवल्याचे. संक्रांतीला इथे तीन दिवस आकाश पतंगांनी भरतं, आणि मांज्याच्या फिरकीला 'आसारी' म्हणायचं हेही मी त्या बाकावरच शिकले. एवढ्या गर्दीत एक नटी कुठे लक्षात राहणार?

जुन्या गावात शिरलो. अरुंद बोळ, लाकडी माड्या, आणि मधूनच एखाद्या उघड्या दारातून येणारा मागाचा ठेका. ललिताबाई जन्मल्या त्या याच गावात, १८ एप्रिल १९१६ला. पाळण्यातलं नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण, रेशमाचे आणि सुताचे व्यापारी. घरात पैसा होता. म्हणजे गरिबीने पोरीला सिनेमात ढकललं, ही आपल्याकडे नट्यांच्या बाबतीत ठरलेली गोष्ट इथे लागू पडत नाही. १९२८च्या मूकपटात, 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, ती लहान मुलगी पडद्यावर दिसली आणि मग थांबलीच नाही. १९३२ला 'कैलास' या मूकपटात काम केलं आणि त्याच्या निर्मितीतही वाटा उचलला. वय वर्षं सोळा! माझ्या भाचीला सोळाव्या वर्षी आम्ही एकटीला लोकलने दादरला पाठवत नव्हतो.

ज्या दुकानात आम्ही शिरलो त्याच्या मागच्या खोलीत दोन माग होते. एकावर साठीचे काका, खड्ड्यात पाय सोडून बसलेले. पदर चालू होता. सगळा पदर म्हणजे लांबीला फूट-दीड फूट झालेलं काम आणि त्यावर लटकणाऱ्या पन्नासेक तिल्ल्या, प्रत्येक तिल्लीला वेगळ्या रंगाचं रेशीम. काका ताण्याचे धागे बोटाच्या नखाने उचलत, एक तिल्ली त्यातून सरकवत, दुसरी उचलत. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो आणि हिरवा सुरू होतो, तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे, नाहीतर फट पडते. हे एका ओळीत पंधरा-वीस वेळा. मग धोटा, मग फणीचा ठोका. मी पाऊण तास उभी होते. तेवढ्यात मोराची चोच झाली. अख्खी नव्हे, वरची अर्धी.

"डोळ्यांना त्रास होत असेल," आई म्हणाली.

"डोळ्यांचं काम नाही हो मावशी हे," काका म्हणाले. "धागे बोटांना पाठ असतात. डोळा नुसता राखण करतो."

मी त्यांना ललिता पवारांचं विचारलं. त्यांच्या सुनेने आतून विचारलं, "त्या खाष्ट सासू?" आणि स्वतःच हसली, कारण सासूबाई शेजारीच कांडी भरत बसल्या होत्या.

खाष्ट सासू. दुकानदाराने एकामागून एक साड्या उलगडायला घेतल्या, आई काठावरच्या मुनिया मोजायला लागली, आणि मी गादीवर बसून विचार करत राहिले की हा शिक्का नेमका कधी बसला असेल. तिशीच्या दशकात तर त्या नायिका होत्या. १९३५चा 'हिम्मत-ए-मर्दां' त्यांचा बोलपट. गोड गळा होता, स्वतःची गाणी स्वतः म्हणायच्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची, असा प्रसंग होता. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. उपचार लांबत गेले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. वय सव्वीस. नायिकेची दारं बंद.

भगवानदादांचं नंतर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. 'अलबेला', आणि ती नाचाची ढब, जी अजून वरातीत कुठला ना कुठला काका करतोच. ते खलपुरुष नव्हते. तो अपघात होता. पण हिशेब मात्र एकाच बाजूला पडला.

यानंतरची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. १९४४ला प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदार रामशास्त्री, आणि आनंदीबाई ललिता पवार. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई! मराठी माणसाच्या डोक्यात कान भरणाऱ्या, कागद फिरवणाऱ्या बाईचं एवढं पक्कं चित्र दुसरं नाही. मागे एकदा पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते तेव्हा प्रभातचा जुना स्टेज बघितला होता. एखाद्या विमानाच्या गोदामाएवढा. तिथे उभं राहून मला रामशास्त्र्यांचं 'देहान्त प्रायश्चित्त' आठवायला हवं होतं. आठवली ती आनंदीबाईच. शनिवारवाड्यातल्या आनंदीबाईपासून अयोध्येच्या राजवाड्यातल्या मंथरेपर्यंत त्रेचाळीस वर्षं, आणि काम तेच, दुसऱ्याच्या कानाशी लागायचं. पण दोघींना एकाच साच्यातून काढलेलं नाही. आनंदीबाईला स्वतःला सत्ता हवी होती. मंथरेला स्वतःसाठी काहीच नको. ती कैकेयीसाठी जळते. लॉकडाऊनमध्ये 'रामायण' परत लागलं तेव्हा मी ते मुद्दाम पाहिलं. पद्मा खन्नाची कैकेयी आनंदात आहे, रामाला राज्य मिळणार म्हणून, आणि मंथरा रागावलेली नाहीच मुळी. ती दुखावली गेली आहे. पदरात वाढवलेल्या पोरीला जग कळत नाही म्हणून दाईने करावा तसा त्रागा. लहानपणी आम्हाला फक्त डोळा दिसला होता. सत्तरीतली बाई, डहाणूच्या पुढे उंबरगावच्या सेटवर, पाठीला कुबड बांधून हे करत होती.

"ही बघ," आईने हाक मारली. गर्द जांभळी, हिरवा काठ, असावलीचा वेल. दुकानदाराने किंमत सांगितली. आईने डोळे मिटले. मग दुसरी, तिसरी. मागावरच्या रेशमी पैठण्या साधारण दहा-बारा हजारांपासून पुढे, आणि पुढे म्हणजे किती ते विचारू नये. शेवटी त्या जांभळीवरच आलो. घासाघीस आईने केली. मी मध्ये पडले नाही. तिचा त्यातला हातखंडा मला माहीत आहे.

दुपारी रिक्षा करून मुक्तिभूमीवर गेलो. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली ती येवल्यातच. आत शांत वाटतं. आम्ही अर्धा तास बसलो. एकाच साली एकीकडे ही घोषणा आणि दुसरीकडे याच गावातली मुलगी पडद्यावर गात होती, हे मनात आलं, पण त्यातून काही काढायचा मोह मी आवरला.

तिथून कोटमगावला, जगदंबेच्या दर्शनाला. नवरात्रात म्हणे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा फुलवाली पेंगत होती. आईने ओटी भरली. पायरीवर बसून मी मोबाइलवर ललिताबाईंचा एक जुना फोटो शोधून काढला. चाळिशीतला असावा, कृष्णधवल, समोरून. आईला दिला. आईने चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला, आणि मग मला अपेक्षित नव्हतं ते केलं. अंगठ्याने चेहऱ्याची एक बाजू झाकली, त्यांच्या डाव्या डोळ्याची. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यातून एक शांत, जराशी थकलेली, प्रेमळ बाई बघत होती. कोणाचीही मावशी वाटावी अशी. मग अंगठा दुसऱ्या बाजूला नेला. मंथरा. पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे. असं चार-पाच वेळा.

"ही तर मिसेस डिसा," ती पहिल्या अर्ध्याला म्हणाली.

'अनाडी' आईचा आवडता. १९५९चा, हृषिकेश मुखर्जींचा. वरून तोफ डागणारी आणि आतून लोण्याची घरमालकीण मिसेस डिसा, या भूमिकेसाठी ललिताबाईंना फिल्मफेअर मिळालं. 'श्री ४२०'मधली केळीवाली गंगामाईही त्याच. 'आनंद'मधली दवाखान्यातली मेट्रनही त्याच, आणि तिचं आडनाव पुन्हा डिसाच. हे सगळे सिनेमे आजीनेही पाहिले होते, आईबरोबरच. 'अनाडी'त मिसेस डिसा औषधाने दगावते तेव्हा आजी पदर तोंडाला लावून रडली होती, असं आईच मला सांगत आली आहे. पण ती बाई आणि रविवारची 'मेली' एकच, हे आजीच्या कधी ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल आणि तिने दोन्ही वेगळं ठेवलं असेल. प्रेक्षक म्हणून आजी माझ्यापेक्षा तयार होती.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. पैठणीची पिशवी आईच्या मांडीवर, वर तिचा हात. बाहेर अंधार पडत होता. मी तिला ललिताबाईंच्या शेवटाचं सांगितलं, की २४ फेब्रुवारी १९९८ला पुण्यात औंधला त्या गेल्या, आणि तेव्हा घरी जवळ कोणी नव्हतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, डोळा लागला.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "हसू नको."

"बोल ना."

"लग्न होऊन मी आले ना, तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं मी तुझ्या आजीला मनात ललिता पवार म्हणायचे. माहेरी पत्र लिहायचे त्यातसुद्धा. 'ल.प. आज देवदर्शनाला गेल्या आहेत' असं. तुझ्या मावशीकडे असतील अजून ती पत्रं."

मी हसले. नको म्हटलेलं असूनही.

"आणि तिकडे त्या मंथरेच्या नावाने बोटं मोडायच्या," आई म्हणाली, आणि तीही हसायला लागली. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

विंचूरला ट्रॅक्टरांची रांग सकाळपेक्षा लांब झाली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आईने पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "आहे वेळ. तो 'अनाडी' लाव. आवाज बारीक ठेव."