रोबचा किनारा आणि दहा पौंडांची डोईपट्टी

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे मेलबर्नहून रोबला गेलो होतो. गाडीने सहा तासांहून अधिक अंतरावरचे, दक्षिण ऑस्ट्रेलियातील हे समुद्रकाठचे लहान गाव. तेथे पाण्याकडे तोंड करून एक दगडी स्मारक उभे आहे. 1856 ते 1858 या काळात 16,500 चिनी माणसे या जागेजवळ उतरली आणि सोन्याच्या शोधात बॅलरॅट आणि बेंडिगोपर्यंत 200 मैल चालत गेली, असे त्यावर कोरलेले आहे. आमच्याबरोबरच्या स्नेह्यांनी ते वाचले आणि म्हणाले, "म्हणजे कर चुकवायला मागच्या दाराने आले. आपण निदान सगळे रीतसर भरून आलो." ते माझ्याहून वयाने मोठे आहेत आणि नव्याने आलेल्या कितीतरी मराठी मुलांना त्यांनी स्वतःच्या घरात आसरा दिला आहे, म्हणून त्या वेळी मी गप्प राहिलो. पण ते वाक्य परतीच्या सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात होते.

प्रथम 'रीतसर' या शब्दाविषयी. मेलबर्न, बॅलरॅट आणि बेंडिगो ज्या व्हिक्टोरिया वसाहतीत येतात, तिने जून 1855 मध्ये जो कायदा केला, त्याच्या शीर्षकात चिनी हा शब्दच नाही. 'काही विशिष्ट स्थलांतरितांसाठी तरतूद करणारा कायदा' असे त्याचे साधे, जवळजवळ कनवाळू वाटणारे नाव आहे. आतील तरतूद अशी की कोणत्याही जहाजाने दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी आणावा आणि उतरणाऱ्या प्रत्येकामागे कप्तानाने दहा पौंड डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, भरावा. माणसांची संख्या जहाजाच्या टनभारावरून ठरवण्याची ही कल्पना मला करापेक्षाही अधिक अपमानकारक वाटते, कारण बंदरात टनांवर मोजला जातो तो माल.

या कायद्याचा उगम जेथे आहे, ती जागा मी पूर्वी मोठ्या आदराने पाहून आलो होतो. डिसेंबर 1854 मध्ये बॅलरॅटजवळ युरेका येथे खाणकामगारांनी जाचक परवाना शुल्काविरुद्ध उठाव केला, आणि ऑस्ट्रेलियन लोकशाहीचा जन्म तेथे झाला असे येथील शाळांत मुलांना शिकवले जाते. त्यानंतर सरकारने नेमलेल्या आयोगाने ते शुल्क रद्द करून वर्षाला एक पौंड एवढाच परवाना ठेवावा असे सुचवले. आणि त्याच आयोगाने चिनी लोकांच्या येण्यावर निर्बंध घालण्याचीही शिफारस केली. गोऱ्या खाणकामगाराच्या मानेवरून जू उतरले आणि त्याच वर्षी चिनी माणसाच्या मानेवर ते ठेवले गेले. माझ्या मुलीच्या वहीत यातील पहिला भाग आहे, दुसरा नाही, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आता चालण्याविषयी. दक्षिण ऑस्ट्रेलिया ही तेव्हा स्वतंत्र वसाहत होती आणि 1857 मध्ये तिने आपला कायदा करेपर्यंत तेथे चिनी प्रवाशांवर कोणताही कर नव्हता. म्हणून कप्तानांनी व्हिक्टोरियाची बंदरे टाळली आणि गिशेन उपसागरात, रोबच्या किनाऱ्यावर माणसे उतरवली. हे उतरणे पूर्णपणे कायदेशीर होते. गावाची वस्ती जेमतेम काहीशे, आणि तेथे एकेका जहाजातून शेकडो माणसे छोट्या होड्यांनी किनाऱ्याला लागत. तो उपसागर किती बेभरवशाचा आहे हे सांगायला एक उदाहरण पुरे: जून 1857 मध्ये 'कोनिंग विल्लेम' नावाचे डच जहाज प्रवासी उतरवून झाल्यावर वादळात फुटले आणि त्याचे सोळा खलाशी बुडाले. त्या एका वर्षात तेथे अशी तीन जहाजे फुटली.

यातील बहुतेक माणसे दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील शेतकरी कुटुंबांतली होती. प्रवासाचे भाडेच अनेकांनी कर्जाऊ घेतलेले होते आणि ते सोन्यातून फेडायचे होते. त्यावर आणखी दहा पौंड म्हणजे कर्जावर कर्ज. म्हणून खांद्यावर कावड घेऊन, दोन्ही टोकांना सामान बांधून, लांबच लांब रांगांनी ही माणसे अनोळखी झुडपी प्रदेशातून कित्येक आठवडे चालत राहिली. वाट दाखवायला पैसे देऊन घेतलेले काही वाटाडे त्यांना अर्ध्यावर सोडून निघून गेले. मी तो प्रदेश वातानुकूलित गाडीतून पाहिला आणि दोन पेट्रोल पंपांमधील अंतरानेच अस्वस्थ झालो. आपल्याकडे वारीला निघालेल्या माणसाला वाटेतल्या प्रत्येक गावात पाणी आणि भाकरी मिळते. यांच्या वाटेवर त्यांना ओळखणारे एकही गाव नव्हते. आणि तरीही 1857 मध्ये अशाच एका तुकडीला वाटेत सोने सापडले, आणि तेथे जे शहर वाढले ते अरारट आज आपली स्थापना चिनी माणसांनी केली असे अभिमानाने सांगते. मागच्या दाराने आलेल्यांनी शहर वसवले, हे मला त्या स्नेह्यांना सांगायचे होते.

समुद्राची वाट बंद होईना, तेव्हा व्हिक्टोरियाने 1857 च्या अखेरीस आत पोहोचलेल्यांवरच निवास कर बसवला: दर दोन महिन्यांना एक पौंड. 1859 मध्ये खाणींवरील हजारो चिनी माणसांनी तो भरण्यास एकजुटीने नकार दिला. आपण ज्याला असहकार म्हणतो, तो या मातीत एवढ्या आधी झाला होता हे मला येथे दहा वर्षे राहूनही ठाऊक नव्हते.

हे कायदे 1860 च्या दशकात मागे घेतले गेले आणि 1881 मध्ये परत आले. या वेळी दर शंभर टनांमागे एकच चिनी प्रवासी आणि डोईपट्टी पुन्हा दहा पौंड. एप्रिल 1888 मध्ये 'अफगाण' नावाचे 1,439 टनांचे जहाज 268 चिनी प्रवासी घेऊन मेलबर्नला आले, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने त्यावर चौदाच माणसे हवी होती. त्यांच्यापैकी आह टॉय नावाच्या प्रवाशासाठी दहा पौंड देऊ केले गेले, पण सीमाशुल्क अधिकारी मस्ग्रोव्ह यांनी ते घेतलेच नाहीत. टॉयने दावा लावला, व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला, आणि 1891 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्यातील शेवटच्या अपील न्यायालयाने, तो निकाल फिरवला: परक्या माणसाला ब्रिटिश भूमीत प्रवेशाचा न्यायालयातून बजावता येईल असा हक्क नाही. कर भरायला तयार असलेल्या माणसाचा करच घेतला गेला नाही. रीतसर येणे म्हणजे आणखी काय असते?

आपण रीतसर आलो हे खरे आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. मी व्हिसासाठी गुण मोजून घेतले, इंग्रजीची परीक्षा दिली, प्रत्येक शुल्क भरले. पण ऑस्ट्रेलियाच्या 1901 च्या स्थलांतर कायद्याने, कोणत्याही वंशाचे नाव न घेता, पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा आणली. ती अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेत घेता येत असे आणि तिने ब्रिटिश प्रजाजन असलेल्या भारतीयांनाही बाहेर ठेवले. ती 1958 मध्ये गेली आणि वंशावर आधारलेले धोरण 1973 मध्ये पूर्णपणे संपले. माझे आजोबा कितीही रीतसर आले असते, तरी त्यांना दार उघडले नसते.

मे 2017 मध्ये त्या माणसांचे वंशज रोबपासून मेलबर्नपर्यंत पुन्हा चालत आले आणि व्हिक्टोरियाचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डॅनियल अँड्र्यूज यांनी सरकारच्या वतीने जाहीर माफी मागितली. या देशाचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटते ते याचे. येथे साऊथ मेलबर्नला रॅग्लन स्ट्रीटवर सी यप मंदिर आहे. सी यप म्हणजे क्वांगतुंगमधील चार तालुके. मुंबईत माझगावला जे चिनी मंदिर आहे, तेही याच चार तालुक्यांच्या लोकांचे. मुंबईने त्यांना सामावून घेतले असे मी अभिमानाने लिहिणार होतो, पण 1962 च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, त्यांत भारतातच जन्मलेल्या अनेकांना, आपण राजस्थानातील देवलीच्या छावणीत नेऊन ठेवले, आणि त्याची माफी आपल्याकडे अजून कोणी मागितलेली नाही.

रोबहून परतलो त्याच आठवड्यात आईच्या कायमच्या व्हिसाचा दुसरा हप्ता भरण्याचे पत्र आले. ही रक्कम एकटीसाठी चाळीस हजार डॉलरहून जास्त आहे. तिची आणि डोईपट्टीची तुलना करणे अन्यायाचे होईल हे मी जाणतो; इंग्लंडच्या आईलाही तेवढेच भरावे लागतात आणि भरण्याचा निर्णय माझा आहे. तरीही आकडा टाइप करताना हात थांबला. रात्री सांगलीला आईला फोन केला आणि पैसे भरल्याचे सांगितले, तेव्हा एवढे कशाला, असे ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तिने एवढेच विचारले, "घेतले ना त्यांनी?"