बारा शब्द कुठे आहेत?

"पासबुक सापडलं, एलआयसीचे कागदही मिळाले. पण यांच्या बिटकॉइनचं काय? मृत्यूचा दाखला दाखवला की देतील ना रे?" शेजारच्या काकूंनी आज विचारलं.

कोण देणार?

एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपन्या, हॅक होतात, म्हणून काकांनी सगळं स्वतःच्याच ताब्यातल्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, ठेवलं होतं. विचार योग्यच होता. पण अशा वॉलेटची किल्ली म्हणजे ते सुरू करताना मिळालेले बारा शब्द, आणि ते काकांनी कुठे लिहून ठेवलेत, घरात कुणालाच माहीत नाही. ते नसतील तर वारस दाखला, कोर्टाचा हुकूम, कशानेही वॉलेट उघडत नाही.

सरकार २०२२ पासून बिटकॉइनच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं. बँकेतल्या ठेवीला मात्र पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तोही नाही.

तुमचे शब्द कुठे आहेत, हे घरात आणखी कुणाला माहीत आहे?