उधा आणि उधाण: मालदीवमधले चार दिवस

मालदीवला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: पाण्यावरच्या त्या लाकडी खोलीत राहिलात का? नाही राहिलो. आमच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं. जूनचा तिसरा आठवडा होता, मृग संपत आलेला, म्हणजे तिकडेही पावसाळाच आणि सगळं स्वस्त. आम्ही दोघं काफु अटोलमधल्या (अटोल म्हणजे प्रवाळी बेटांचं कडं) एका वस्तीच्या बेटावर, तीन खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये उतरलो. बेटाचं नाव लिहीत नाही. मालकानेच सांगितलं, "दीदी, किनारा खचतोय असं लिहिणार असाल तर नाव नको. बुकिंगं जातील."

शुक्रवारी राजधानी मालेत उतरलो ही आमची पहिली चूक. तिकडे शुक्रवारी सुट्टी, बेटांकडे जाणारी स्वस्त सरकारी फेरी बंद. स्पीडबोट संध्याकाळची, आणि तिचे पैसे मोजताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मग दुपारभर माले पायी हिंडलो. शहर जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं; इमारती एकमेकींना खेटून, गल्ल्यांत स्कूटरची गर्दी. दक्षिणेच्या कडेला पोचलो तर समोर ओळखीची मंडळी बसलेली: टेट्रापॉड! मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून खाली जे चार पायांचे सिमेंटचे ठोकळे दिसतात, तेच. जवळ जाऊन एकाला हात लावून आले.

इथे ते आले १९८७ नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये मोठ्या लाटांनी माले बुडवलं. भराव घालून नुकतीच मिळवलेली जमीन वाहून गेली, विमानतळाचंही नुकसान झालं. त्याच ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गय्यूम यांनी संयुक्त राष्ट्रांत उभं राहून सांगितलं की समुद्र असाच वाढला तर आमचा देशच राहणार नाही. हवामानबदल हा शब्दही तेव्हा आपल्याकडे कुणी फारसा ऐकला नव्हता. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, त्यांनी छोट्या देशांना मालेत बोलावून एकत्र जाहीरनामा काढला. भिंत मात्र जाहीरनाम्याने उभी राहत नाही, तिला पैसा लागतो. तो जपानने दिला. २००४ च्या त्सुनामीत मालेत पाणी शिरलं, पण त्या भिंतीमुळे बरंच निभावलं. बाकीच्या बेटांना भिंत नव्हती. देशात ८२ माणसं गेली, २६ सापडलीच नाहीत. रा अटोलमधलं कंधोलुधू हे बेट तर राहण्याजोगं उरलं नाही. तिथल्या हजारो लोकांना काही वर्षांनी धुवाफारू नावाच्या रिकाम्या बेटावर नवी घरं मिळाली.

विमानतळावरून येताना सिनामाले पूल ओलांडला होता, आता परत उलट्या दिशेने बसने हुलहुमालेला गेलो. स्पीडबोटीला वेळ होता आणि बसमध्ये एसी होता, खरं कारण हेच. हुलहुमाले हे माणसाने बनवलेलं बेट. १९९७ मध्ये काम सुरू झालं; उथळ पाण्यात समुद्रतळाची वाळू उपसून ओतली आणि जमीन समुद्रापासून सुमारे दोन मीटर उंच केली. देशातली बहुतेक जमीन एक मीटरच्या आतबाहेर आहे, त्यामुळे तिथे दोन मीटर म्हणजे टेकडीच. रुंद रस्ते, झाडं, मागे रांगेने उभे असलेले पंचवीस मजली टॉवर. घोडबंदर रोडवर आल्यासारखं वाटलं. देशातली पाच लाखांवर माणसं शेकडो किलोमीटर पसरलेल्या दीड-दोनशे बेटांवर सांभाळायची की उंच जागी एकत्र आणायची, याचं एक उत्तर इथे सिमेंटमध्ये दिसतं.

ते उत्तर मला पटलं. दुसऱ्या सकाळपर्यंत.

गेस्टहाऊसचा मालक चाळिशीचा, आधी मच्छीमार. तो गळाने एकेक ट्यूना धरायचा. तिथे अजूनही पुष्कळ मासेमारी अशीच चालते. हिंदी सिनेमे बघून बघून हिंदी उत्तम, शिवाय आईच्या ऑपरेशनसाठी तिरुअनंतपुरमला दोन महिने राहिलेला. पहिल्याच सकाळी नाश्त्याला मासहुनी आली: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी नावाची पोळी. कोकणातल्या माणसाला यात परकं काही नाही. परसात नीरफणसाचं झाड बघून तर मी त्याला आमच्याकडे कापं कशी तळतात ते सांगत बसले.

तो मला किनाऱ्यावर घेऊन गेला. बेट कसं होतं हे मला त्याच्याकडून कळलं. खाली प्रवाळाचं खडकाळ कडं. त्यावर पोपट मासे चरतात, प्रवाळ कुरतडतात आणि त्याचा भुगा मागून वाळू होऊन बाहेर पडतो. जाहिरातीतली ती पांढरी वाळू बरीचशी अशी झालेली. (नवऱ्याने त्यानंतर पायांत चपला घातल्या.) लाटा ही वाळू कड्यावर आणून टाकतात आणि बेट हळूहळू भरत राहतं. हे बेट एका जागी गपही बसत नाही. नैऋत्य मोसमात, ज्याला ते हुळंगू म्हणतात, वाळू एका बाजूला सरकते. ईशान्येचा इरुवाई सुरू झाला की परत येते. "आजी सांगायची, बेट कूस बदलतं," तो म्हणाला.

मग बंदर बांधलं. बंदर हवंच होतं, आजारी माणसाला होडीत चढवताना गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहावं लागायचं. पण बंदराच्या भिंतीने वाळूची वाट अडवली. एका बाजूला ढीग साठला, दुसरीकडची माडांची रांग समुद्रात गेली. आता ती बाजू वाचवायला तिथेही भिंत हवी. आणि हुलहुमालेसारखा भराव? भराव टाकताना प्रवाळावर गाळ बसतो. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, त्यातून जे सावरतंय त्याच्यावर हा गाळ. म्हणजे बेट उंच करायचं तर बेट घडवणाऱ्या प्रवाळालाच गाडायचं. पृथ्वी दीड अंश तापली तर जगातले सत्तर ते नव्वद टक्के प्रवाळ जातील असं आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचे, शास्त्रज्ञ सांगतात. मालेला भिंत, हुलहुमालेला उंची, आणि अशा दीड हजार वस्तीच्या बेटाला? "गोण्या," तो म्हणाला, आणि वाळूच्या गोण्यांची रांग दाखवली.

माझी मावशी रत्नागिरीला मिऱ्याजवळ राहते. तिथला धूपप्रतिबंधक बंधारा दर पावसाळ्यात कुठे ना कुठे खचतो, दगड समुद्रात जातात, मग पुढच्या वर्षी पुन्हा दगड. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला फार आनंद झाला. आपलं दुखणं दुसऱ्यालाही आहे म्हटल्यावर होतो तसा.

पण खरी गंमत दुपारी झाली. पाऊस लागला, आम्ही व्हरांड्यात अडकलो आणि मी सहज म्हटलं, आमच्याकडे आता आर्द्रा लागेल. तो चमकला. "अधा?" त्यांच्याकडे वर्षाचे सत्तावीस भाग करतात, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचा, त्याला म्हणतात नकई. नकई म्हणजे आपलं नक्षत्र! आम्ही कागद घेऊन बसलो. अस्सिधा: अश्विनी. केती: कृत्तिका. रोअनु: रोहिणी. मियाहेलिया: मृगशीर्ष. अधा: आर्द्रा. फुनोस: पुनर्वसू. कुठल्या नकईत वादळ, कुठल्यात कुठला मासा, कधी लावणी करायची, सगळं बांधलेलं. माझे आजोबा म्हातारा पाऊस, तरणा पाऊस असं ज्या हिशोबाने बोलायचे, तोच हिशोब हिंदी महासागराच्या मध्यावर, माशांसाठी. आणि तक्रारही तीच. नकई आता खरं बोलत नाही, म्हणे. कोरड्या दिवसांत पाऊस, पावसाच्या दिवसांत कोरडं. आजीच्या हिशोबावर होडी काढायचं त्याच्या वडिलांनीही सोडून दिलं.

पाण्याची गोष्ट वेगळीच. बेटाच्या पोटात पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरीला लागायचं ते हे. त्सुनामीनंतर विहीर खारट झाली, ती धुण्याभांड्यांपुरती उरली. आता पिण्याला छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत, आणि ते संपलं की समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. यंत्राला वीज, विजेला डिझेल, डिझेल बोटीने बाहेरून. शाळेच्या छपरावर सोलर पॅनेल दिसले, पण रात्री जनरेटरचीच घरघर ऐकत झोपलो. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या अशाच संयंत्राला आग लागली आणि अख्ख्या राजधानीचं पाणी तुटलं, तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं होतं. हे त्याने दोनदा सांगितलं. तेव्हापासून त्याने घरी दुसरी टाकी बसवली, हेही. मला विचाराल तर त्या दुसऱ्या टाकीत मोठमोठ्या परिषदांपेक्षा जास्त अक्कल आहे. पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली होती ना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये? फोटो जगभर गेला. तो विषय काढला तर हा हसला. "फोटो छान होता."

आणि आम्ही? विमानाने धूर सोडत आलो, दर रात्रीचे माणशी सहा डॉलर हरित कर म्हणून भरले. २०२५ मध्ये दुप्पट होऊन तो सहा झालाय, मोठ्या रिसॉर्टला बारा. पर्यटक आले नाहीत तर भिंतीला पैसा नाही, आले तर समुद्र तापतो. यावर नवऱ्याशी रात्री वाद झाला, तो इथे लिहीत नाही. तो हरला एवढंच सांगते.

तिसऱ्या रात्री अमावस्येच्या आसपासची भरती होती, वारा नैऋत्येचा. दोनच्या सुमाराला गल्लीत माणसांचे आवाज. उठून बघितलं तर अंगणात घोटाभर पाणी आणि त्यावर आमच्या चपला तरंगतायत. "उधा," मालक म्हणाला. किनाऱ्यावरून आत चढणाऱ्या लाटांना ते उधा म्हणतात. मी नकळत म्हणून गेले, "उधाण." त्याने शब्द दोनदा म्हणून बघितला.

शेजारची चार पोरं, दोन बायका आणि आम्ही दोघं, फावड्याने वाळू भरून गोण्या दारापाशी रचत होतो. तासाभराने पाणी ओसरायला लागलं. कुणीतरी काळा चहा आणला. गोणीचं तोंड बांधता बांधता त्याने विचारलं, "तुमच्या मावशीच्या गावाला पाणी आलं की लोक कुठे जातात?"

मी म्हटलं, "मागे डोंगर आहे. वर जातात."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दीदी, ती गोणी जरा इकडे सरकवा."