काचेचं दार उघडं राहिलं

कुस्तीच्या फडात माईक धरणाऱ्या माणसाला पूलच्या सामन्याची कॉमेंट्री करायला कोण बोलावेल? पूल म्हणजे क्यूच्या काठीनं पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटात घालायचा खेळ. लातूरच्या एका क्लबवाल्यानं बोलावलं. सिद्धेश्वराच्या यात्रेत त्यानं मला ऐकलं होतं. "गुरुजी, आवाज तुमचा लागतो. खेळातलं चाचा सांगतील," म्हणाला. मे महिना, शाळेला सुट्टी, म्हणून हो म्हटलं.

चाचा टेबलवाले. नांदेड, परभणी, बीड, कुठंही टेबल बसवायचं असलं की यांना फोन जातो. स्लेटचे तीन तुकडे जोडायचे, फटी मेणानं बुजवायच्या, लेव्हल लावून पाय वरखाली करायचे, कापड ताणून ठोकायचं. तरुणपणी खेळलेही भरपूर. पण बोलणं तोलून. तासाभरात चार वाक्यं.

जायच्या आधी मी घरी बसून जुने सामने पाहिले, म्हणजे खरं तर ऐकले. इंग्लंडचा सिड वॉडेल डार्ट्सच्या कॉमेंट्रीसाठी गाजलेला. खाणकामगाराचा मुलगा, केंब्रिजला इतिहास शिकलेला. पूलचेही सामने त्यानं केले, आणि शेजारी जिम विच हा कॅनडाचा स्नूकरपटू असायचा. वॉडेल आग लावायचा आणि विच ती का लागली ते सांगायचा. अमेरिकेत पॅट फ्लेमिंगनं ॲक्यु-स्टॅट्स नावानं पूलच्या सामन्यांच्या चित्रफिती काढल्या. तिथं बिली इनकार्डोना, ग्रेडी मॅथ्यूज असे खेळाडूच माईकवर बसत. ही माणसं फार ओरडत नाहीत. एखादा क्यू उचलून टेबलाभोवती फिरायला लागला की म्हणतात, आता याच्यापुढे दोन वाटा आहेत. मग गप्प. १९९५ साली रेनोमध्ये अर्ल स्ट्रिकलंडनं एफ्रेन रेयेसला पाच नंबरच्या बॉलवर झाकून टाकलं होतं, म्हणजे पांढऱ्यापासून पाचपर्यंत सरळ वाटच ठेवली नव्हती, आणि स्कोअर १२-१२ होता. रेयेसनं दोन कुशन, म्हणजे टेबलाच्या रबरी कडा, घेऊन तो पाच पॉट केला, म्हणजे पॉकेटात घातला, आणि सामना काढला. तो शॉट मी पुन्हा पुन्हा पाहिला. नंतर तर चित्र बंद करून नुसता आवाज ऐकत बसलो. बायको म्हणाली, "हे काय चाललंय?"

फडातलं काम याच्या अगदी उलट. तिथं पाठीमागच्या माणसाला मैदान दिसतच नाही, म्हणून पट कुणी काढला, ढाक कुणी मारला, सगळं ओरडून सांगावं लागतं. रेडिओवर बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेट ऐकवलं तेही न पाहणाऱ्यालाच. स्क्रीनवरच्या पूलमध्ये मात्र बॉल गेला हे आंधळा सोडून सगळ्यांना दिसतं. दिसत नाही ते खेळाडूच्या डोक्यातलं. हा सोपा बॉल सोडून अवघड का घेतोय? पांढरा तिकडं का नेला? नाइन बॉल या पूलच्या प्रकारात दर वेळी सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागावं लागतं, त्यामुळं एक पॉट करताना पांढरा दोनसाठी कुठं थांबणार हे आधीच ठरवलेलं असतं. ते ठरवणं ऐकवता आलं तर कॉमेंट्री. बाकी सगळी आरडाओरड.

हॉल औसा रोडवर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. कोपऱ्यात काचेची केबिन, तिथं चाचा, मी आणि लाईव्ह सोडणारा पोरगा. टेबल जेमतेम दहा-बारा फुटांवर.

सकाळीच एक मुलगा केबिनमध्ये डोकावला. बारावीचा, ट्यूशनसाठी लातूरला खोली करून राहिलेला. "सर, माझं नाव घेऊ नका."

"का रे बाबा?"

"घरच्यांना वाटतंय मी टेस्ट सिरीजला गेलोय."

"अरे, तोंड दिसणारच की स्क्रीनवर."

"आमच्याकडं पूल कोण बघायलंय? नाव टाकलं तरच सापडतंय."

त्यामुळं दिवसभर तो माझ्या तोंडी 'निळा शर्ट' होता. मास्तर म्हणून मी त्याला दोन शब्द सुनवायला हवे होते. पण मास्तरकी त्या दिवशी सुट्टीवर होती. पोरगं तसं खेळतही होतं. फायनलला आलं.

समोर जालन्याचा खेळाडू, पस्तिशीचा, स्टीलच्या कारखान्यात शिफ्ट करून येणारा. हात एकदम शांत.

फायनल सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि लाईट गेली. जनरेटरवर टेबलावरचे दिवे आणि कॅमेरे चालू राहिले, एसी बंद. बाहेर ऊन मी म्हणत होतं. काचेच्या केबिनची पाच मिनिटांत भट्टी झाली आणि ऑपरेटरनं दार सताड उघडून खाली वीट लावली. चाचांनी हात पुसला आणि माईकजवळ येऊन म्हणाले, "अब कापड जड होणार. इतक्या लोकांचा घाम आहे. पांढरा आता आधी थांबेल, बघा." पुढच्याच रॅकमध्ये, म्हणजे डावात, जालनेकराचा पांढरा सातच्या मागं वीतभर अलीकडं थांबला. प्रेक्षक हळहळले, पण ऐकणाऱ्यांना कारण आधीच कळलं होतं. असं एक वाक्य वेळेवर पडलं की मग दहा मिनिटं काही बोललं नाही तरी चालतं.

पण दार उघडं होतं.

मी म्हणालो, "तीनसाठी पांढरा डावीकडं ठेवायला हवा," आणि निळा शर्ट क्षणभर थांबला. मान वळवली नाही, पण थांबला. चाचांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आमच्या फडात पैलवानाला निवेदन ऐकू जाणं यात कुणाला काही वाटत नाही, उलट त्यानं चेव चढतो. इथं तेच वाक्य शिकवणी झालं असतं. त्यानंतर मी आवाज खाली आणला आणि शॉट बसल्यावरच त्याचं पोस्टमॉर्टम करायला लागलो. आधी फक्त अडचण सांगायची, तोडगा खेळून झाल्यावर.

८-८. नऊ रॅक जिंकेल त्याचा सामना. जालनेकरानं ब्रेक केला, एकही बॉल गेला नाही. एक नंबर सहाच्या मागं. निळा शर्ट म्हणाला, "पुश आउट," आणि पांढरा हलकेच बाजूला सरकवला. कशालाच न लागता. हॉलमध्ये कुजबुज, लाईव्हवर कमेंट, 'हा काय फाऊल?' ब्रेकनंतरच्या लगेचच्या शॉटला ही मुभा असते, पण मग खेळायचं की परत त्यालाच खेळायला लावायचं हे समोरचा ठरवतो. हे मी तीन वाक्यांत उरकलं. जालनेकरानं परत त्यालाच खेळायला लावलं. पोरानं सेफ्टी केली, म्हणजे पॉट न करता समोरच्याला अडचणीत ठेवायचा शॉट, एकला लागला, पण नंतर कुठलाच बॉल कुशनपर्यंत पोचला नाही. फाऊल.

फाऊलमुळं पांढरा हातात आल्यावर, म्हणजे हवा तिथं ठेवून खेळायला मिळाल्यावर, जालनेकरानं एक आणि दोन सहज काढले. तीन आणि आठ कुशनला चिकटून बसलेले. त्यानं पांढरा सातच्या मागं लपवला. पोरानं कुशनवरून प्रयत्न केला, तीनला लागला नाही. दुसरा फाऊल. रेफ्रीनं बोट वर करून मोठ्यानं सांगितलं, "दोन फाऊल झाले." हे सांगणं नियमातच आहे. सांगितलं नसतं तर पुढचा फाऊल तिसरा धरताच आला नसता. लागोपाठ तीन झाले की रॅक गेला, म्हणजे इथं सामनाच.

आता पांढरा पुन्हा जालनेकराच्या हातात. आणि त्यानं तीनला हात न घालता पुन्हा झाकलं. पांढरा सातला जवळजवळ चिकटवून ठेवला. हॉलमधून शिट्ट्या आल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "खेळ की भावा, घाबरायलास काय!"

हा घाबरट नव्हता, सगळ्यात शहाणा शॉट तोच होता. तीन-आठची गाठ सुटेपर्यंत सगळी बॉलं काढणं जोखमीचं, आणि झाकून ठेवलं की जोखीम समोरच्याची. मी हळू आवाजात हेच सांगितलं. जालनेकराच्या बाजूनं त्या मिनिटाला हॉलमध्ये कोणीच नव्हतं. निदान कॉमेंट्रीनं तरी असावं, असं मला वाटलं.

निळा शर्ट उठला. शॉटला ३० सेकंद. सातवरून उडी मारायला पांढऱ्याला जागा नाही. एका कुशनची वाट नऊ नंबरनं अडवलेली. चाचांनी वहीत पेन्सिलीनं दोन रेघा मारून माझ्याकडं सरकवली. आडव्या कुशनवर, दुसऱ्या ठिपक्याच्या जरा आत, तिथून लांब कुशन, तिथून तीन. वाट होती. माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं आणि एवढंच म्हणालो, "तिसरा फाऊल झाला तर सामना संपला." मग बंद.

ऑपरेटर कानाकडं बोट करून 'आवाज, आवाज' असं खुणावायला लागला. लाईव्हवर लोक विचारत होते, आवाज गेला का. दारात आयोजक. मी माईकपासून तोंड बाजूला घेतलं. पोरानं एक्सटेन्शन, म्हणजे जादा वेळ, मागितलं. टेबलाभोवती फिरला, खाली वाकला, उठला, परत वाकला.

आडवं कुशन, लांब कुशन, तीन. टक् आवाज आला आणि आठ सुटा झाला.

तेव्हा मी ओरडलो. यात्रेतल्यासारखं. चाचांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

जालनेकरासमोर आता बँक होती, म्हणजे तीन कुशनवर आपटून पॉट करायचा शॉट. तो खेळला, पॉट झाला नाही, आणि तीन येऊन नऊसमोर उभा राहिला. नऊ पॉकेटच्या तोंडावर. पोरानं तीनवरून नऊ आत टाकला. कोणत्याही वेळी नियमानं नऊ गेला की रॅक जिंकला, त्यामुळं सामना संपला. लोक म्हणाले लक. चाचा चौथं वाक्य बोलले, "नऊ तर कुणीबी टाकला असता. दोन कुशनचं बोला." आम्ही बक्षीस समारंभ सोडून त्या शॉटवर बोलत बसलो.

नंतर पोरगं केबिनमध्ये आलं, घामानं थबथबलेलं. "गुरुजी, तुम्ही गप्प बसलात ना, तवाच कळलं वाट हाय म्हणून. नसती तर तुम्ही 'अवघड आहे, अवघड आहे' म्हणाला असता. दिवसभर तेच म्हणायलाव."

मागं जालनेकर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. हसला, पण पुरता नाही. "म्हणजे ही पण कोचिंगच झाली की, सर."

मला उत्तर सुचलं नाही. आयोजकाला सुचलं. पुढच्या वेळी कॉमेंट्री खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात, मॉनिटर लावून. जालनेकर म्हणाला, तसं असेल तर मी येतो. चाचांनी विचारलं, तिथं कूलर हाय का.